इंजिन-गिअरबॉक्स उतरवायचं काम : पैसा कमावतो ती तयारी, पाना नव्हे

या वेळच्या व्हिडिओत आपण जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढताना पाहिलं. उदाहरण सॅन्ट्रो झिंगसारख्या गाडीचं, म्हणजे इंजिन आडवं आणि ड्राइव्ह पुढच्या चाकांना. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. स्वतःचं गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्यांनी आज दोन्ही एकत्र समजून घ्या.

आधी हिशोब

समजा तुमच्या गॅरेजचा भाडं, पगार, वीज धरून महिन्याचा खर्च १,०४,००० रुपये आहे आणि कामाचे दिवस २६. म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. गाड्या उभ्या करायला दोन जागा असतील तर एका जागेचा रोजचा खर्च २,००० रुपये. तुम्ही तीन दिवसांचं काम धरून १२,००० रुपये लेबर सांगितलं. खर्च ६,०००, उरले ६,०००. मस्त!

आता तीच गाडी सुट्या भागांसाठी, गंजलेल्या बोल्टसाठी किंवा गिऱ्हाईकाच्या होकारासाठी नऊ दिवस अडकली. खर्च झाला १८,०००. लेबर तेच १२,०००. म्हणजे कष्ट करून वर ६,००० रुपये खिशातून गेले. काम चांगलं होऊनही धंदा तोट्यात, तो असा. सहाव्या दिवसानंतर प्रत्येक दिवस तुमच्या खिशातला असतो.

उतरवायची खरंच गरज आहे का?

हा प्रश्न पहिला. गिअर घसरतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स खाली काढू नका. एटीएफची पातळी आणि रंग बघा, जळका वास येतो का बघा, स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. कधी कधी दुखणं वायरिंगमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये असतं आणि तेवढ्यासाठी इंजिन हलवावं लागत नाही.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटही बघा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत एटीएफ थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. कूलंट दुधाळ, गुलाबीसर दिसलं तर तो आतून फुटल्याचा संशय घ्या. असा रेडिएटर तसाच ठेवून नवा गिअरबॉक्स बसवला तर तोही खराब होणार, आणि गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल तर तसं गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. एक काम जाईल, पण माणूस राहील.

कामाचा क्रम

१. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नंबर द्या. बोल्ट भागाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. हा एक तास बसवताना अर्धा दिवस वाचवतो.

२. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. इंजिन थंड झाल्यावरच कूलंट आणि एटीएफ काढा.

३. बिजागरीवर मार्करने खूण करून बोनेट काढा. सायलेन्सरच्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

४. एसीचा कॉम्प्रेसर पाइपांसकट सोडवून बाजूला बांधा. गॅस सोडायची गरज नाही. गिऱ्हाईकाचा गॅस भरायचा खर्च वाचतो.

५. गिअरची केबल, कूलरचे पाइप, ड्राइव्ह शाफ्ट सोडवा. उघडी तोंडं लगेच बुचांनी बंद करा. ऑटोमॅटिकला बारीक कचराही पुरतो.

६. उचलताना साखळी कंपनीने दिलेल्या हुकांनाच लावा. क्रेनचा दांडा जितका लांब कराल तितकी तिची क्षमता कमी होते. दांड्यावर आकडे लिहिलेले असतात, ते वाचा. शेवटचं फाउंडेशन सुटण्याआधी वजन क्रेनवर आलेलं हवं. दोन-चार इंच उचला, थांबा, राहिलेली अर्थिंगची तार किंवा पाइप शोधा, मग पुढे. लटकत्या इंजिनाखाली कुणाचा हातसुद्धा नको. कितीही घाई असो, हा नियम मोडायचा नाही.

७. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्याआधी टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट काढा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्याच बाजूला ठेवा. पट्टी लावून अडकवा, नाहीतर तो घसरून पडतो.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने बसतो. गिअरबॉक्स इंजिनाला हाताने पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिली आणि तुम्ही बोल्ट आवळून ती मिटवली, तर आतला पंप फुटतो. नव्या मेकॅनिकला ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवा.

कागद

एस्टिमेट तीन भागांत लिहा : काढण्या-बसवण्याचं लेबर, नक्की लागणारे भाग, आणि उघडल्यावर कळणारे भाग. तिसऱ्या भागासाठी किती दिवसांत होकार हवा आणि उशीर झाल्यास जागेचं रोजचं भाडं किती, हे गाडी आत घेतानाच लिहून सही घ्या. भागांचा ॲडव्हान्सही तेव्हाच घ्या. भाग मिळतात का, हे फोन करून आधी विचारा. जुन्या ऑटोमॅटिकचे भाग सहज मिळतीलच असं धरून चालू नका.

दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आरसीवर इंजिन नंबर असतो हे विसरू नका. आरटीओची परवानगी, नव्या नंबरची नोंद आणि इंजिन खरेदीचं बिल, हे सगळं आधी. बिलाशिवाय आलेलं इंजिन स्वस्त असलं तरी हात लावू नका. ते चोरीचं निघालं तर चौकशी तुमच्याही दारात येते. जळकं ऑइल गटारात नको, अधिकृत रिसायकलरला द्या आणि पावती ठेवा.

गृहपाठ

आज वहीत तीन आकडे लिहा : तुमचा महिन्याचा खर्च, कामाचे दिवस, गाड्यांच्या जागा. गॅरेज अजून सुरू केलं नसेल तर अंदाजाने लिहा. एका जागेचा रोजचा खर्च काढा आणि तो कागद भिंतीवर लावा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, "साहेब, किती घेणार?" तर तोंडातून आकडा निघण्याआधी त्या भिंतीकडे बघा.