वेदीपाशी आठवलेला भाऊ

मंडळीत ज्याला सगळे भक्तिमान समजतात, त्याच्या मनात एखादे पाप वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या नगरकडच्या एका खेड्यातल्या मंडळीत मी पंच होतो. रविवारी शास्त्रपाठ वाचायचो, तरुणांचा वर्ग घ्यायचो, आणि त्याच काळात सख्ख्या धाकट्या भावाशी बोलत नव्हतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत विहीर त्याच्याकडे गेली. बांधावर सुरू झालेली भाऊबंदकी घरात शिरली आणि मुलाबाळांपर्यंत पोचली. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही. त्या दिवशी शेजारच्या गावात प्रार्थनासभा घेतली, आणि लोकांना ती सेवेची तळमळ वाटली.

वाटणी अन्यायाची होती, असे मला आजही वाटते. मुद्दाम सांगतो, कारण पाप लपायला सगळ्यात चांगली जागा तीच असते. चोरी करणाऱ्याला चोरी दिसते, दारू पिणाऱ्याला बाटली दिसते. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, त्याला मात्र आपला द्वेष दिसत नाही, न्यायच दिसतो. रात्री अंथरुणावर पडलो की भावाला काय काय सुनावायचे याची मनात उजळणी चाले. सकाळी उठून मी दिवसाच्या वचनावर मनन करी. या दोन गोष्टी एकाच मनात शेजारी राहत होत्या, आणि त्यांची कधी गाठ पडत नव्हती.

पापकबुली मी करत नव्हतो असे नाही. गर्व, आळस, प्रार्थनेतली टाळाटाळ, सगळे काही देवापुढे मांडत होतो. लेंटमध्ये उपवास करत होतो. मोघम कबुलीने माणसाला हलके वाटते आणि बदल काहीच करावा लागत नाही. म्हणून पहिली गोष्ट सांगतो. पाप नावानिशी बोला. ‘प्रभू, मी क्रोधी आहे’ असे म्हणू नका. ‘अमुक माणसाचे वाईट झाले तर मला आनंद होईल’ असे म्हणा. हे वाक्य जिभेवर यायला फार जड जाते, आणि तेवढे जड गेले पाहिजे.

आमच्या मंडळ्यांमध्ये पापांची एक अलिखित उतरंड आहे. कोणी पिऊन आला तर पंचांची बैठक बसते. दोन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे पाणी पीत नाहीत, त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून बघा. देहाच्या कर्मांची जी यादी तिथे आहे, तिच्यातली जवळपास निम्मी कर्मे वैर, भांडण, मत्सर, राग आणि फूट यांच्या जातीची आहेत. व्यभिचार आणि मद्यपान यांच्याच पंक्तीला तो त्यांना बसवतो. मी तो अध्याय कितीदा तरी शिकवला होता, पण यादीच्या दोन टोकांवरच बोललो होतो.

सेवा वाढते आहे म्हणजे आपण वाढतो आहोत, हा समज फार घातक आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या आठ वर्षांत शारदासदन उभे राहिले होते, त्यांचे नाव जगभर झाले होते. तरीही आपल्या आत काय नाही, हे त्यांनी स्वतःला विचारले. त्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले होते. हा गृहस्थ कित्येक वर्षे धर्मगुरू होता, आणि स्वतःच उपदेश करत असताना त्याचे परिवर्तन झाले. व्यासपीठावरच्या माणसालाही तारणाची गरज असते, हे रमाबाईंनी मनावर घेतले. मी मनावर घ्यायला फार उशीर केला.

मला जाग आली ती मत्तयाच्या पाचव्या अध्यायाने. वर्गात डोंगरावरचे प्रवचन चालू होते. वेदीजवळ अर्पण आणणाऱ्याला प्रभू काय सांगतो, ते समजावताना एका मुलाने विचारले, “सर, पण चूक भावाची असेल तर?” उत्तर देण्यासाठी मी वचन पुन्हा वाचले आणि थांबलो. तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे, असे प्रभू विचारतच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि जा, असे तो सांगतो. भावाकडून मला काय येणे आहे, याचा हिशेब मी इतकी वर्षे तोंडपाठ ठेवला होता. माझ्याकडून त्याला काय येणे असेल, हा प्रश्न मला शिवलाही नव्हता.

मी गेलो. मिठ्या मारल्या आणि सगळे सुरळीत झाले, असे घडले नाही. वडिलांच्या आजारपणात मी पाहुण्यासारखा येऊन जात होतो, ते त्याने सांगितले. वाटणीच्या बैठकीत चार लोकांसमोर मी त्याच्या बायकोला काय बोललो, तेही सांगितले. मला ते आठवतही नव्हते. मी भावजयीची माफी मागितली. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. विहिरीचा विषय मी काढला नाही. पहिल्या भेटीत आपला मुद्दा काढला, की माफीचा सौदा होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी राग पुन्हा आला. आधीपेक्षा जोरात. इथे पुष्कळ विश्वासणारे खचतात. माझा पश्चात्ताप खोटा होता, देवाने मला सोडले, असे त्यांना वाटू लागते. शेतातली हराळी एका खुरपणीत जात नाही. काडी राहिली की पुन्हा फुटते, आणि शेतकरी म्हणून काही शेत सोडून देत नाही. संत ऑगस्टीनने 387 साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला. साधारण दहा वर्षांनी, बिशप असताना, त्याने आपले आत्मनिवेदन लिहिले. त्याच्या दहाव्या भागात तो जुन्या पापांच्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि आज आपल्याला कोणते मोह छळतात ते एकेक करून तपासतो. लोकांच्या स्तुतीची हावही त्यात आहे.

पण वाढ हळू होते म्हणून निवांत बसायचे, असेही नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन 1748 च्या वादळात देवाकडे वळला, आणि त्यानंतर 1754 पर्यंत गुलामांच्या व्यापारातच राहिला, जहाजाचा कप्तान झाला. समुद्र सुटला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्याचे छापील निवेदन आले 1788 मध्ये. मधल्या काळात तो प्रार्थना करत होता, वचन वाचत होता. पण ज्या जहाजावर उभा होता, त्याच्याकडेच त्याने पाहिले नाही. त्या दिरंगाईची किंमत त्याने नाही, त्या जहाजांच्या तळात साखळदंडाने बांधलेल्या माणसांनी मोजली. माझ्या दिरंगाईची किंमत माझ्या पुतणीने मोजली. तिच्या लग्नाचा दिवस मला परत आणता येणार नाही.

पवित्र आत्म्याने दोष दाखवणे आणि सैतानाचे आरोप यांत फरक कसा करायचा, असे तरुण विचारतात. माझ्या अनुभवाने सांगतो. ‘तू नालायक आहेस, तुझ्याकडून काही व्हायचे नाही’ असा आवाज सगळीकडे काळोख पसरवतो आणि जायला वाट दाखवत नाही. पवित्र आत्मा एका ठिकाणी बोट ठेवतो. या घरी जा, हे पैसे परत कर, हे खरे सांग. दुखते दोन्हीकडे, पण दुसऱ्या दुखण्यात पुढचे पाऊल दिसते. अपराधी वाटते म्हणून प्रभुभोजन कायमचे टाळू नका. आत्मपरीक्षण करून यायला सांगितले आहे, घरी बसायला सांगितलेले नाही.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. मी गेलो तो ज्याला मी दुखावले होते त्या भावाकडे. माझ्या अनुभवाचा आधार घेऊन नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे कोणी सांगू नये. तिला आधी सुरक्षित छप्पर द्या.

आणि एकटे झगडू नका. याकोबाचे पत्र एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. मी एका निवृत्त पाळकांकडे जाऊ लागलो. ते फक्त एवढेच विचारत, “या आठवड्यात भावाबद्दल काय काय मनात आले?” खरे सांगावे लागे. असा माणूस शोधताना वक्तृत्व बघू नका, तोंड मिटून ठेवता येते का ते बघा. तुमच्याकडेच कोणी असा आला, तर ऐकून घ्या, लगेच वचन फेकू नका, आणि त्याचे नाव पुढच्या प्रार्थनासभेत प्रार्थनाविषय म्हणून वाचू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याच्याबरोबर, तिथेच करा.