छातीतील जळजळ : औषध काय करते, काय करीत नाही

जेवणानंतर छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे, रात्री ठसका लागून जाग येणे, या तक्रारी ज्या घरात कोणालाच नाहीत असे घर विरळाच. ‘पित्त झाले’ म्हणून गोळी घ्यावयाची आणि कामाला लागावयाचे, ही आपली नित्याची रीत. ही गोळी नेमके काय करते, एवढेच आपण येथे पाहू.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी होय. घास केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही; नळीचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळत तो पुढे ढकलतात. नळीच्या शेवटी वर्तुळाकार स्नायूचे दार आहे. घास आला की ते सैल होते, एरवी मिटलेले असते. जठराचे अस्तर आम्ल सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही. पुष्कळ रोग्यांच्या पोटात आम्ल अधिक होत नसते. दार अवेळी उघडल्यामुळे ते भलत्या जागी जाते.

आता औषधांकडे वळू. पातळ औषध किंवा चघळण्याची गोळी असलेले आम्ल मारते. आराम लगेच पडतो, पण टिकत नाही. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आले आणि आम्ल तयार होणेच कमी करता येऊ लागले. त्यामागील संशोधक जेम्स ब्लॅक यांस १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल विक्रीस आले. पँटोप्रॅझोल त्याच जातीचे. ही औषधे जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयाची असतात. त्यांनी अन्ननलिकेच्या जखमा भरतात; दार मात्र घट्ट होत नाही. पोटातले वर येतच राहते, फक्त ते कमी आंबट असते.

मग स्नायूलाच बळ देणारे औषध का नको? तसे प्रयत्न झाले. सिसाप्राइडने हृदयाची लय बिघडते असे दिसून आले. ते २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढण्यात आले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्यास जिभेच्या व चेहऱ्याच्या अनावर हालचाली जडू शकतात. डोम्पेरिडोनही हृदयरोग्याने सल्ल्यावाचून घेऊ नये. उलट नायट्रेट, निफेडिपिन, थिओफायलिन ही हृदयरोग, रक्तदाब व दमा यांवरील औषधे दार सैल करतात. म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांस जळजळीची गोष्ट सांगावी.

दाराची काळजी औषधापेक्षा आपल्याच हाती अधिक आहे. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास व्हावे. पंगतीत आग्रहाखातर तुडुंब जेवू नये. तंबाखू सोडावी, वजन आटोक्यात ठेवावे. पलंगाचे उशाकडील पाय सहा इंच उंच करावेत. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. डाव्या कुशीवर निजल्यास जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते. आपल्या वामकुक्षीत ही डावी कूस नावातच आहे. मात्र जेवणावरून उठून लगेच आडवे होणे बरे नव्हे.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणे, यांपैकी काही दिसल्यास गोळीवर वेळ दवडू नये. छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जात असेल आणि घाम सुटत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

घरात कोणाची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर ती कशासाठी व किती दिवस, हे डॉक्टरांस एकदा विचारावे. ती एकाएकी सोडली तर आम्ल काही काळ उसळते, म्हणून सोडणेही त्यांच्याच सल्ल्याने व्हावे.