सत्राअखेरची शिक्षण परिषद आणि ऊसतोडीला जाणारी मुलं



दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्राची शिक्षण परिषद होते. परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती यातच तिचा बराच वेळ जातो. पण आपल्या बीड जिल्ह्यात प्रथम सत्र संपतं तेव्हाच गाड्या ऊसतोडीला निघतात. धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातली कितीतरी मुलं आई-वडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मग परिषदेत एकमेकांना कल्पना द्यायच्या त्या आधी यांच्यासाठी द्या.

एक सांगते. दशक-एकक शिकवताना १० काड्यांचा गठ्ठा आपण करतोच. त्याला मोळी म्हणून बघा. फडातला शब्द आहे, पोरं लगेच पकडतात. तीन मोळ्या, चार सुट्या काड्या म्हणजे ३४. कोपीवर गेल्यावर पाचटाच्या काड्यांवरही हे जमतं. वही लागत नाही, मोबाईलही नाही. वाचनातही कोयता, फड, कोपी, वाढे हे शब्द आधी द्या.

शिक्षण हमी पत्रक तर आपण देतोच. सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडा: मूल जोडाक्षरं वाचतं का, हातच्याची बेरीज येते का. तिकडच्या गुरुजींना पत्रकापेक्षा तीच जास्त कामाला येते.

अशा गोष्टी बहुतेक परिषद संपल्यावर, चहाच्या वेळी निघतात. तेव्हा चहा आधी ठेवला तरी चालेल!

आणि पालकहो, मुकादमाकडून निघायची तारीख कळली की दोन दिवस आधी वर्गशिक्षकांना सांगा. मूल आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचीही चौकशी तेव्हाच करा.