पंप खांद्यावर नसला तरी विष अंगावर येतं

सखींनो, फवारणी म्हणजे गड्यांचं काम, असं आपण म्हणतो. पण टाकीला पाणी कोण आणतं? बादलीत औषध कालवून कोण देतं? संध्याकाळी भिजलेला सदरा कोण धुतं? आणि दुसऱ्या दिवशी त्याच कपाशीत खुरपायला कोण उतरतं?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याला लागलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेलं. आपल्या भोकरदन-अंबडकडची कपाशीही दाटली की माणूस त्यात दिसत नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं किडीच्या नसा बिघडवून तिला मारतात. माणसाच्या नसाही तशाच चालतात. म्हणून डोकं दुखतं, मळमळतं, दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, अंधारी येते, हातापायाचे स्नायू फडफडतात. आपल्याकडे "ऊन लागलं" म्हणून लिंबूपाणी देऊन निजवतात, तिथेच घात होतो. फवारलेल्या रानातून आलेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक दिसली, तर ते ऊन नव्हे.

अशा वेळी आधी कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग आणि केस धुवा. धुणारीने हातात रबरी मोजे घालावेत. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. ॲट्रोपिनचं इंजेक्शन या गटातल्या विषावर चालतं, सगळ्या विषांवर नाही. कोणतं विष ते डॉक्टरांना डब्यावरूनच कळतं. पोलीस विचारतील या भीतीने काही लपवू नका.

डब्यावरचा त्रिकोण अक्षरओळख नसली तरी वाचता येतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. औषध काठीने कालवा, हाताने नको. कापडी मोजे भिजतात आणि विष कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा रबरी घ्या. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा. लेकराची झबली त्यात नकोत. रिकाम्या डब्यात पाणी, तेल तर कधीच नको.

फवारल्यावर किमान एक दिवस, लाल-पिवळ्याचं असेल तर दोन दिवस, त्या रानात खुरपायला जाऊ नये. एकटी मजूर बाई हे मालकाला कसं सांगणार? तिचा रोज बुडतो. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या गटांनी मिळून ठरवलं तर सांगता येतं.

आणखी एक. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा धरली जाते, मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारी भूमिहीन बाई तिच्यात बसत नाही. हा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडायला हवा.