शोफतीम, पॉप्लर आणि आपले मत



शोफतीम ही पाराशा आपण दरवर्षी एलूल महिन्याच्या आरंभी वाचतो. तिची सुरुवात वेशीवेशींत न्यायाधीश व अंमलदार नेमण्याच्या आज्ञेने होते आणि शेवट एका बेवारस प्रेताने. रानात कोणी मारलेला मनुष्य सापडला आणि मारणारा ठाऊक नसला, तर प्रेतापासून आसपासच्या गावांचे अंतर मोजावयाचे. जे गाव सर्वांत जवळचे, तेथील वडीलधाऱ्यांनी हात धुऊन, या रक्ताचा दोष आपल्याकडे नाही असे सांगावयाचे. मिश्नात यावर शंका काढली आहे: गावच्या पंचांनी खून केला, असे कोणाच्या मनात तरी येईल काय? खुलासा असा, की तो आपल्या दारी आला असता आपण त्याला रिकाम्या पोटी वाटेला लावले नाही, सोबतीवाचून सोडले नाही, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे.

आम्ही लंडनच्या एका प्राथमिक शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले. काही मुलांच्या डब्यात नुसता कोरडा पाव असे. आईबापांची कमाई मर्यादेहून थोडी जास्त, म्हणून शाळेतले फुकट जेवण त्यांना मिळत नसे. आम्ही कपाटात बिस्किटे ठेवीत असू आणि आपले कर्तव्य झाले असे समजत असू. कौन्सिलच्या निवडणुकीचे मतदान आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होई. त्या दिवशी शाळा बंद, म्हणून आम्ही घरी बसून तुंबलेले कपडे धूत असू. मत द्यावयास गेलो नाही. एकदा नव्हे, कित्येकदा. हे लिहिताना लाज वाटते.

बिस्किटांनी काय होते आणि मताने काय होते, हे समजण्यासाठी पॉप्लरची हकिगत वाचावी.

पॉप्लर ही पूर्व लंडनमधील गोदीकामगारांची वस्ती. आज ती टॉवर हॅम्लेट्समध्ये मोडते. शंभर वर्षांपूर्वी गरिबांच्या मदतीचा बहुतेक खर्च ज्या त्या भागाच्या घरपट्टीतून होई. याचा अर्थ पाहा. जेथे बेकार जास्त तेथे खर्च जास्त, आणि तेथेच घरे मोडकी, म्हणून पट्टीचे उत्पन्न कमी. पौंडामागे एक पेनी पट्टी बसविली तर वेस्टमिन्स्टरमध्ये पॉप्लरच्या आठ-नऊ पट रक्कम जमे. गरिबाला गरिबानेच पोसावे, अशी ती वाटणी! शिवाय लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणी यांचा हिस्सा भरावा लागे तो वेगळाच.

१९१८ पर्यंत अशी मदत घेणाऱ्याचा मताचा हक्क जात असे. भाकरी हवी तर मत सोडा. १९१८ च्या कायद्याने ही अट काढली, आणि पुढच्याच वर्षी पॉप्लरच्या मतदारांनी कौन्सिलच्या ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाला दिल्या. बेकारी वाढली तेव्हा, १९२१ मध्ये, जॉर्ज लॅन्सबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले की कौंटी व इतर मंडळांसाठी पट्टी वसूलच करावयाची नाही. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून सप्टेंबरात तीस जण तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, पाच स्त्रिया हॉलोवेला. मग कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच भरू लागल्या आणि त्यासाठी स्त्रियांना टॅक्सीने आणू लागले. १२ ऑक्टोबरला सुटका झाली. (आम्ही पंचांग काढून पाहिले: तो दिवस किप्पूरचा, आपल्या दारफाळणीच्या सणाचा होता.) त्याच वर्षी कायदा झाला आणि घरबसल्या मिळणाऱ्या मदतीचा भार साऱ्या लंडनवर वाटला गेला.

त्या पाच स्त्रियांत मिनी लॅन्सबरी होत्या. पोलंडकडून आलेल्या यहुदी कुटुंबातील मुलगी, जॉर्ज यांची सून आणि पेशाने शिक्षिका. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १९२२ रोजी, न्यूमोनियाने त्या वारल्या. वय अवघे बत्तीस. बो रोडवर त्यांच्या स्मरणार्थ लावलेले घड्याळ आहे. आम्ही त्याखालून अनेकदा गेलो, पण नाव वाचले ते निवृत्तीनंतर.

कायदा मोडा असे आम्ही सांगत नाही, अमुक पक्षाला मत द्या असेही नाही. पण कौन्सिल म्हणजे केवळ कचऱ्याच्या गाड्या नव्हेत. घर गेलेल्या कुटुंबाची सोय कौन्सिलकडे आहे. नोकरीच्या वयातील गरिबाला कौन्सिल टॅक्समध्ये किती सूट द्यावी हे इंग्लंडमध्ये २०१३ पासून प्रत्येक कौन्सिल आपले आपण ठरविते. आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना महापौरांच्या निधीतून मोफत जेवण मिळू लागले. कोरड्या पावाचा प्रश्न आमच्या कपाटाने सुटला नव्हता.

आपल्यातील काही जण म्हणतात, आपण येथे पाहुणे, आपल्याला काय त्याचे? मुंबईत डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये महापौर झाले, महालक्ष्मीजवळचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. तेथे तरी आपण कोठे लाखांनी होतो?

भारतीय पासपोर्ट असून येथे कायदेशीर वास्तव्य असेल, तर पार्लमेंटसाठीही मत देता येते. केवळ इस्रायली पासपोर्टावर पार्लमेंटसाठी मत नाही, आणि ओसीआय कार्डाने तो हक्क मिळत नाही. यादीत नाव मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी घालावे लागते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून केंद्रावर फोटोची ओळख दाखवावी लागते; वृद्धांचा बसपास चालतो. आमचा मागच्या वेळी चालला. हॉल तोच, आमच्या जुन्या शाळेचा, टेबलापाशी बसलेल्या मुलीने पासावरचे नाव वाचून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही इथे शिकवीत होता ना?"