पक्षाघातचिकित्सेतील उपस्थाता : घर आणि शेजार यांचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे ते चार पाद असून प्रत्येकाचे चार चार गुणही तेथेच वर्णिलेले आहेत. यांपैकी पहिल्या दोन पादांविषयी आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळ ऊहापोह होत असतो. तैल कोणते वापरावे, बस्ती किती द्यावेत, विरेचन मृदू असावे की कसे, यांवर आपण तासन् तास बोलतो. उपस्थात्याचा उल्लेख मात्र बहुधा व्याख्यानाच्या आरंभी येतो आणि तेथेच संपतो. प्रस्तुत लेखात पक्षाघात या एकाच व्याधीच्या अनुषंगाने या तिसऱ्या पादाचा विचार करावयाचा आहे.

पक्षाघातच निवडण्याचे कारण असे की, या व्याधीत चौथा पाद, म्हणजे रोगी, आपल्या गुणांनाच मुकतो. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे रोग्याचे चार गुण. ज्वराचा रोगी आपले दुःख सांगू शकतो, सांगितलेले लक्षात ठेवतो, त्याप्रमाणे वागतो. पक्षाघाताच्या रोग्याची वाणी गेलेली असेल तर ज्ञापकत्व संपले. मेंदूच्या आघातामुळे लक्ष टिकत नसेल तर स्मृती आणि निर्देशकारित्व दोन्ही उणावले. एकदा पडल्यानंतर उभे राहण्याचीच धास्ती बसली असेल तर अभीरुत्वही गेले. चौथ्या पादाचा हा सारा भार तिसऱ्या पादावर येऊन पडतो आणि आपल्या जिल्ह्यात हा तिसरा पाद म्हणजे रोग्याची पत्नी, मुलगा, सून, नातवंडे आणि शेजारीपाजारी होत. त्यांच्या चार गुणांपैकी अनुराग त्यांच्याजवळ असतोच, शौच आणि दाक्ष्यही थोड्या प्रयत्नाने येते. उपचारज्ञता मात्र कोणीतरी शिकविल्याशिवाय येत नाही. ती शिकविण्याचे काम वैद्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिले काही तास

आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ किंवा ‘लकवा मारला’ असे म्हणतात. हे शब्द उच्चारले गेले की घरातील माणसे तेलाची बाटली शोधू लागतात. कोणी कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्ला देतो, कोणी लकव्याच्या देवस्थानाचे नाव सुचवितो. येथे वैद्याने निःसंदिग्ध भूमिका घेतली पाहिजे. चेहरा एका बाजूस ओढला जाणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अकस्मात घडले तर तेल नाही, काढा नाही, नस्य नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या आघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि रक्तस्राव नाही याची खात्री स्कॅनने झाल्यावाचून ते देता येत नाही. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातील एखाद्या खेड्यातून निघून अकोला अथवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे म्हणजे त्यातील किती वेळ रस्त्यातच जातो हे आपणांस ठाऊक आहे. घरच्यांना एकच प्रश्न आवर्जून विचारावा : यांना शेवटचे पूर्णपणे ठीक असे कोणी, किती वाजता पाहिले? ते उत्तर कागदावर लिहून रोग्याबरोबर पाठवावे. रुग्णालयातील निर्णय बव्हंशी त्या एका ओळीवर अवलंबून असतो.

हा विषय विदर्भासाठी किती गंभीर आहे, हे गडचिरोलीतील ग्रामीण पाहणीवरून दिसते. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांत केलेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास असून, तेथील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झालेला होता आणि त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू घरीच झाले होते.

अनुरागाचा अतिरेक

रोगी रुग्णालयातून घरी येतो तेव्हा खऱ्या अर्थाने आपले काम सुरू होते. चरकांनी आणि वाग्भटांनी सांगितलेले स्नेहयुक्त स्वेदन आणि मृदू विरेचन, त्यानंतर यथावस्थ बस्ती, हा क्रम आपण सर्वजण जाणतो. त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या एक-दीड तासाच्या उपक्रमाखेरीज उरलेल्या बावीस-तेवीस तासांत घरात काय चालते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते.

तेथे बहुधा अनुरागच चालतो. सून घास भरवते, मुलगा सदरा घालून देतो, नातू पाण्याचा पेला ओठांस लावतो. आबांनी हात उचलण्याच्या आधीच तीन हात पुढे येतात. यामागील माया खरी असते. परिणाम मात्र विपरीत होतो. न वापरलेला अवयव मेंदू हळूहळू विसरत जातो आणि ज्या हातात थोडीफार शक्ती परत आलेली असते तोही निकामी असल्यासारखा पडून राहतो. निरोगी हात दिवसाचे काही तास बांधून ठेवून दुर्बल हाताकडूनच कामे करवून घेण्याची जी पद्धत आधुनिक पुनर्वसनशास्त्रात रूढ झाली आहे, तिचा आधार हाच आहे. ती पद्धत ज्याच्या बोटांत व मनगटात काही हालचाल आहे अशाच रोग्याला उपयोगी पडते आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाची असते. तिच्यामागील तत्त्व मात्र प्रत्येक घराला शिकविता येते. भाकरी दुसऱ्याने मोडून दिली तरी चालेल, घास मात्र रोग्यानेच उचलावा. सांडले तर सांडू द्यावे. बटणे लावावयास दहा मिनिटे लागली तर दहा मिनिटे थांबावे. ‘हात आवरा’ हा सल्ला मायाळू माणसाला सर्वांत कठीण जातो, म्हणून तो एकदा सांगून भागत नाही.

अभ्यंगाचा उपयोगही याच दृष्टीने करून घ्यावा. तैल लावून अंग सैल झाल्यानंतरचा काळ हालचालीस अनुकूल असतो. त्या वेळी रोग्याने स्वतः काय हलविले, हे घरच्यांनी रोज एका वहीत लिहावे. तेल लावणाऱ्याने दुर्बल हात धरून ओढू नये, काखेत हात घालून रोग्याला उचलू नये. त्या बाजूचा खांदा स्नायूंचा आधार सुटल्यामुळे सहज खाली सरकतो आणि एकदा तो दुखू लागला की रोगी पुढील कित्येक महिने हाताला स्पर्शही करू देत नाही. स्वेदनात त्याहून मोठा धोका आहे. त्या बाजूची संवेदना गेलेली असल्यास पोट्टली वा गरम पाण्याची पिशवी किती तापली आहे हे रोग्यास कळत नाही आणि फोड उठल्यावर घरच्यांना कळते. उष्णता नेहमी रोग्याच्या निरोगी बाजूवर किंवा परिचारकाच्या स्वतःच्या मनगटावर पाहून मगच द्यावी.

मुखावाटे औषध देण्यापूर्वी गिळण्याची परीक्षा अनिवार्य आहे. रोग्यास सरळ बसवून एक चमचा पाणी द्यावे. ठसका लागला, आवाज ओलसर झाला किंवा पाणी ओघळले तर काढा, घृत, दूध काहीही तोंडाने देऊ नये आणि रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. श्वसनमार्गात गेलेला पातळ पदार्थ फुप्फुसाचा दाह उत्पन्न करतो आणि पहिल्या काही आठवड्यांतील मृत्यूंचे हे एक मोठे कारण आहे.

वाणीविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. उजवी बाजू लुळी पडलेल्या अनेक रोग्यांची वाणीही जाते. त्यांना समजत नाही असे गृहीत धरून घरचे लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलतात. हे अत्यंत अनुचित आहे. एका वेळी एकानेच बोलावे, वाक्य लहान ठेवावे, ‘पाणी की चहा?’ असा निवडीचा प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. ज्याला पाणी मागता येत नाही तोच रोगी हरिपाठाच्या चालीवर शब्द बरोबर उच्चारतो, असे पुष्कळदा दिसते. कारण तोंडपाठ आणि गेय शब्दांचा मार्ग मेंदूत काहीसा निराळा आहे. आपल्या भागात घरोघरी ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे पारायण होते. रोग्याला त्यात बसवावे आणि ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी मोकळा सोडावा.

पाळीची व्यवस्था

हे सर्व कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी आली की घर सकाळीच रिकामे होते. मागे उरते साठी ओलांडलेली पत्नी. स्वतःचे गुडघे दुखत असताना ती त्या मोठ्या देहाला बाजेवरून उठवीत असते. तिची तब्येत बिघडली की रोग्याची चिकित्सा तेथेच थांबते, म्हणून प्रत्येक भेटीत तिचाही रक्तदाब पाहावा.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनावेतन सेवा करतात. झाडण्यापासून वाढण्यापर्यंतची कामे अशी वाटलेली असल्याने कोणा एकावर भार पडत नाही. हीच पाळीची रीत एका रोग्याच्या घरी का आणू नये? समाचारास येणारी माणसे पुष्कळ असतात. ती बिस्किटांचा पुडा ठेवतात, डोळे पुसतात, एखादे नवे औषध सुचवितात आणि निघून जातात. त्यांच्यापैकी पाच जणांना आठवड्यातील एकेक दिवस वाटून दिला आणि पाऊण तासाचे निश्चित काम नेमून दिले, तर चित्र पालटते. भजनी मंडळातील स्नेह्याने अभंग म्हणवून घ्यावेत, पारावरच्या मित्राने अंगणात दहा पावले चालवावे, शेजारच्या मुलाने सोंगट्या खेळाव्यात.

ही कल्पना अगदीच नवी नाही. अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिला १९६५ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, गर्भिणी अवस्थेत मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू आणि वाणी दोन्ही गेली. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल यांनी इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन या गावी शेजाऱ्यांची पाळी लावून दिली. रोज कोणी ना कोणी येऊन तिला वाचावयास, बोलावयास शिकवीत असे. १९६८ साली ती पुन्हा चित्रपटात दिसली. त्या शेजाऱ्यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि पुढे ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. वस्तूचे नाव घेतल्याशिवाय ती हाती द्यावयाची नाही, असा डाल यांचा कठोर दंडक होता. तो आम्हांस सरसकट अनुकरणीय वाटत नाही. शिकविणारी माणसे शेजारची होती आणि ती नियमित येत, एवढेच त्यातून घ्यावे.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात, कुटुंबीयांना पुनर्वसनाचे शिक्षण देऊन घरी पाठविलेले रोगी आणि नेहमीची सेवा मिळालेले रोगी यांची तुलना केली होती. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मृत अथवा परावलंबी रोग्यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के निघाले. ‘घरच्यांना शिकवा, रोगी बरा होईल’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याला हा आकडा दाखवावा. आमचे अनुमान असे की, काही तासांचे शिक्षण देऊन हात काढून घेतल्यास ते टिकत नाही. शिकविलेले बरोबर होत आहे काय, हे पाहणारा कोणीतरी महिनोन् महिने हवा. मोठ्या रुग्णालयातील व्यायामतज्ज्ञ राजूर घाट चढून दर पंधरवड्याला घरी येणार नाही. गावातील वैद्याकडे मात्र तेल आणि औषध संपले की घरचा माणूस येतोच. त्याच भेटीत वही पाहावी, एक व्यायाम करवून घ्यावा, चूक सुधारावी. हा आमचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे; परंतु करून पाहण्याजोगा आहे.

घाई मात्र नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या २४ तासांतच वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्या रोग्यांची स्थिती उलट कमी अनुकूल दिसली. तसेच साधारणतः तीन रोग्यांपैकी एकास पुढे विषाद जडतो. व्यायाम नाकारणारा रोगी आळशी ठरविण्यापूर्वी त्याची झोप, भूक आणि जगण्याची इच्छा यांविषयी विचारावे आणि गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधी दुकानदारांसाठी

उपस्थाता औषध आणावयास प्रथम दुकानदाराकडेच येतो. ‘आयुर्वेदिक सुरू केले, आता रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या’ हे वाक्य ऐकू आल्यास त्याला तेथेच थांबवावे. दुसऱ्या आघाताचा धोका यातूनच वाढतो. ज्येष्ठमधयुक्त काढे अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, लवणभास्करात तर मीठच प्रधान आहे. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास गुग्गुळाचे कल्प वैद्याच्या आणि मूळ डॉक्टरांच्या संमतीवाचून देऊ नयेत. एकांगवीर, बृहत्वातचिंतामणी यांसारख्या पारदयुक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते, ती गिऱ्हाइकास वाचून दाखवावी. ‘लकवा हमखास बरा’ असा फलक दुकानावर लावणे हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे, कारण त्या कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे. त्या फलकाच्या जागी चेहरा, हात, वाणी आणि १०८ एवढे चार शब्द ठळक अक्षरांत लिहून लावावेत.