विमानाला खरा वेळ किती लागला?



वेग काढायचा तर अंतराला वेळेने भागायचे, हे आपल्याला पाठ आहे. पण परवा गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण घातले आणि आमच्या वर्गाची चांगलीच फजिती झाली.

उदाहरण असे : लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ यांतील हवाई अंतर सुमारे ३४८ कि.मी. आहे. एक विमान लंडनहून सकाळी १० वाजता निघाले आणि पॅरिसला दुपारी १२ वाजून १५ मिनिटांनी पोहोचले. तर त्याचा ताशी वेग किती?

आम्ही पटापट वजाबाकी केली. २ तास १५ मिनिटे. उत्तर आले ताशी सुमारे १५५ कि.मी. गुरुजी म्हणाले, "आता परतीचे करा. पॅरिसहून १० ला निघाले, लंडनला १० वाजून १५ मिनिटांनी पोहोचले." उत्तर आले ताशी १३९२ कि.मी.! म्हणजे आवाजाच्याही पुढे. जाताना रमतगमत आणि येताना सुसाट, असे कसे?

चूक भागाकारात नव्हती, घड्याळात होती. वेळापत्रकात निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. लंडनला १० वाजतात तेव्हा पॅरिसला ११ वाजलेले असतात. म्हणून जातानाही आणि येतानाही खरा वेळ १ तास १५ मिनिटेच.

आता वेग आला ताशी सुमारे २७८ कि.मी. जेट विमान तर ताशी ८०० कि.मी. वेगाने उडते. मग हा वेग कमी का? कारण विमान जागेवरून हलते तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबते तिथपर्यंतचा वेळ यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, सारे त्यात आले. १९१९ साली लंडन-पॅरिस रोजची विमाने सुरू झाली, तेव्हा तर सुमारे अडीच तास लागत.

आपल्या देशात सगळीकडे एकच घड्याळ, म्हणून एस.टी.च्या प्रवासात ही अडचण येत नाही. पण आमचे मामा दुबईहून आले तेव्हा आली. तिकिटावर मुंबईला पोहोचण्याची वेळ पहाटे साडेपाच होती. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून बाबांनी त्यात दीड तास मिळवला. आम्ही सात वाजता पोहोचलो. मामा बिचारे बॅगेवर बसून वाट बघत होते! साडेपाच ही मुंबईचीच वेळ होती.

लक्षात ठेवा : आणायला जायचे तर छापलेली वेळच खरी. प्रवासाचा वेळ काढायचा तर आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

सोडवा पाहू : दुबईहून रात्री १० ला निघालेले विमान मुंबईला रात्री २ वाजून ३० मिनिटांनी पोहोचले. प्रवासाला किती वेळ लागला?

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी